त्रिविध मार्ग (कॅथलिक अध्यात्म)

साधकाच्या आध्यात्मिक वाढीचे शुद्धीकरण, प्रकाशन आणि ऐक्य असे तीन टप्पे मानण्याची जी रीत कॅथलिक संतपरंपरेत रुळली, तिला त्रिविध मार्ग म्हणतात. पहिल्या टप्प्यात पापत्याग व इंद्रियनिग्रह, दुसऱ्यात सद्गुणांची जोपासना व ख्रिस्तचरित्राचे मनन, तर तिसऱ्यात परमेश्वराशी प्रेमैक्य यांवर भर असतो.

या विभागणीचा उगम वादग्रस्त आहे. तिचे श्रेय बहुधा ‘आरेओपागसचा डायोनिसियस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या, इ. स. ५०० च्या सुमारास होऊन गेलेल्या अज्ञात लेखकाला दिले जाते. परंतु त्याच्या लेखनात ही तीन कार्ये मुख्यतः देवदूतांच्या व चर्चच्या श्रेणींची आहेत. एका व्यक्तीच्या क्रमिक प्रगतीचे वर्णन म्हणून ती आलेली नाहीत. म्हणून काही अभ्यासक मागे इव्हाग्रियस या ख्रिस्ती मठवासी लेखकापर्यंत (मृत्यू ३९९) जातात. त्याने सद्गुणसाधना, सृष्टीचे मनन आणि ईश्वरज्ञान असा क्रम लावला होता. त्याही आधी ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने (सु. १८५–सु. २५४) नीतिसूत्रे, उपदेशक व गीतरत्न या बायबलमधील तीन ग्रंथांची अशाच चढत्या क्रमाने मांडणी केली होती. क्रमाची कल्पना इव्हाग्रियस-ओरिजेन यांच्या परंपरेतून आणि नावे डायोनिसियसकडून आली, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

तेराव्या शतकात संत बोनाव्हेंचर यांनी या तिन्ही मार्गांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मनन, प्रार्थना व चिंतन या प्रत्येक क्रियेतून शुद्धी, प्रकाश आणि पूर्णता साधते, असे ते मानतात. त्यामुळे त्यांच्याकडे मार्ग बऱ्याच अंशी समांतर चालतात. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र प्रीतीच्या वाढीनुसार आरंभक, प्रगत आणि परिपूर्ण असे साधकांचे तीन वर्ग केले, आणि पुढील पाठ्यपुस्तकांतून मार्ग व वर्ग एकमेकांत मिसळले. प्रत्यक्ष संतांचे लेखन या मिश्रणाइतके काटेकोर नाही. आव्हिलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये आत्म्याचे वर्णन सात निवासांचा गड असे केले. पण कितीही वर चढलेल्या साधकाने आत्मज्ञानाची खोली सोडू नये, असेही बजावले. संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांच्या मते आरंभक प्रगत होताना ‘इंद्रियांची काळरात्र’ येते. ती ओळखण्याच्या तीन खुणा त्यांनी दिल्या आहेत: देवाच्या वा सृष्टीच्या कशातच गोडी न वाटणे, आपण देवाची सेवा करत नाही ही तळमळ, आणि पूर्वीसारखे मनन न जमणे. यांतील दुसरी खूण महत्त्वाची, कारण नुसत्या आळसात ती तळमळ नसते. १६८७ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची जी विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत हे तीन मार्ग म्हणजे मोठी विसंगती आहे, हेही एक विधान होते.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या १५४८ मध्ये पोपमान्यता मिळालेल्या चार आठवड्यांच्या आध्यात्मिक साधनेत पहिला आठवडा शुद्धीकरणाशी व दुसरा प्रकाशनाशी जोडलेला आहे. ऐक्याचा आठवडा मात्र ते सांगत नाहीत, तो नंतरच्या भाष्यकारांनी जोडला. प्रापंचिकांसाठी संत फ्रान्सिस द सेल्स यांचे १६०९ मधील मार्गदर्शन प्रसिद्ध आहे.

ठाणे शहराचा या परंपरेशी संबंध सिद्धान्तापेक्षा हौतात्म्यातून येतो. टोलेन्टिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे दिमेत्रियस हे फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू येथे १३२१ मध्ये (काहींच्या मते १३२२) मारले गेले. डॉमिनिकन संघाचे धर्मप्रचारक जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यात पुरले. पुढे फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक यांनी अस्थी चीनमध्ये नेल्या. हौतात्म्य ही प्रीतीची परिपूर्ण कृती, या अक्वायनस यांच्या मताने पाहता असे साधक पायऱ्यांच्या हिशेबाबाहेर जातात. टोलेन्टिनोचे थॉमस यांना १८९४ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता मिळाली. ठाणे व नवी मुंबईतील आजचे धर्मग्राम (स्थानिक चर्चचे विभाग) मुंबई महाधर्मप्रांतात येतात; तेथील भाविकांची साधना मिस्सा, पापनिवेदन, रोझरी, उपवासकाळ व रिट्रीट (एकांतातील साधनेचे दिवस) यांतून चालते.