विहिरीतला गोल धोंडा म्हणजे डायनासोरचं अंडं नव्हे

सोलापूर जिल्ह्यात विहीर खोदताना मुरमात गोल, पापुद्रे सुटणारे धोंडे निघतात आणि ‘डायनासोरची अंडी सापडली’ अशी बातमी फिरू लागते. संग्रहालयात जीवाश्मशास्त्राच्या इंटर्नशिपला निघालेले विद्यार्थीही हौसेने असा धोंडा सोबत नेतात. तो बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला खडकच असतो. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्यांतून पाणी मुरतं. तुकड्याच्या कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी काम करतं, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो. कांद्यासारखे पापुद्रे त्यामुळेच.

गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला खरी अंडी मिळाली आहेत. ती साधारण 15 सेंमी व्यासाची. कवच जेमतेम 1 ते 3 मिमी. ताज्या तुटलेल्या कडेवर 10 पटीचं भिंग धरा: कवचात कॅल्साइटचे (चुन्याच्या खनिजाचे) बारीक उभे स्तंभ एकमेकांना चिकटलेले दिसतात. धोंड्याच्या पापुद्र्यात ते कधीच नसतात.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून फेस आला की अंडं, ही समजूत तर फारच फसवी. कवच फसफसतं हे खरं, पण आपल्या मुरमातली चुनखडी आणि बेसाल्टच्या पोकळ्यांतलं कॅल्साइटही तितकंच फसफसतं.

जीवाश्म शोधायचे ते दोन लाव्हाथरांमधल्या गाळात. तिथे काही दिसलं तर उकरू नका, वार्निश तर मुळीच लावू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. अक्षांश-रेखांश, थर आणि खोली जागेवरच वहीत लिहा.