दुखणं अंगभर ‘फिरतं’ म्हणजे वात सरकतो का?

आधी फक्त कंबर, मग मान, आता खांदेही धरलेत. म्हणजे झीज वर चढली किंवा वात अंगात फिरला, असं घरोघरी ऐकू येतं. बहुतेकदा यातलं काहीच सरकलेलं नसतं. बदल होतो तो मज्जारज्जूत आणि मेंदूत. महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश येत राहिले की तिथल्या चेतापेशी हळव्या होतात आणि शेजारच्या भागातला साधा स्पर्शही ‘दुखतंय’ म्हणून पुढे धाडतात. चेतासंस्थेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत मज्जारज्जूचा हा हळवेपणा दाखवला. खूण ओळखीची आहे: अंग पुसताना टॉवेल घासला तरी चरचरतं.

म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्या वाढवून फारसा उपयोग होत नाही (पोटाला मात्र त्रास होतो), आणि अंथरूण धरणं तर उलटंच पडतं. वीस मिनिटं चालल्यावर दुसऱ्या दिवशी अंग ठणकत असेल तर दहापासून सुरुवात करा, दर आठवड्याला एक-दोन मिनिटंच वाढवा. बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट चालायचं नाही. घोळ तिथेच होतो.

सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर मात्र संधिवाताची तपासणी हवीच. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.