प्रतिकृती रेल्वे : इंजिने व रूळ यांची देखभाल आणि दुरुस्ती

खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, प्रत्यक्ष धावणारी प्रतिकृती म्हणजे प्रतिकृती रेल्वे किंवा मॉडेल रेल्वे. एचओ हे प्रमाण १:८७, ओओ १:७६ आणि एन बहुतेक देशांत १:१६० असते. पहिल्या दोन्हींत रुळांमधले अंतर १६.५ मिमी, तर एनमध्ये ९ मिमी असते. आकार बदलला तरी चाक, रूळ आणि सांधा (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) यांची रचना बरीचशी तीच राहते. वजन मात्र राहत नाही. शंभर टनांचे इंजिन सर्व बाजूंनी ८७ पट लहान केले, तर त्याचे घनफळ, आणि म्हणून वजन, सुमारे साडेसहा लाख पट कमी होते. उरतात जेमतेम दीडशे ग्रॅम. खरे इंजिन रुळावरची धूळ आणि गंज चिरडून पुढे जाते. प्रतिकृतीचे इंजिन त्याच धुळीवर चढून उभे राहते आणि तेवढ्याने त्याची वीज तुटते. देखभालीतले बहुतेक काम या एका गोष्टीतून निघते.

नेहमीच्या दोन रुळी पद्धतीत एका रुळातून आलेली वीज चाकात, चाकाच्या पाठीला टेकलेल्या पातळ पत्तीत, तिथून मोटरच्या कार्बन ब्रशांत, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तुकड्यांत, जाते आणि दुसऱ्या बाजूने त्याच क्रमाने परत फिरते. साध्या पद्धतीत विजेचा दाब १२ व्होल्टपर्यंत असतो आणि रुळांची ध्रुवता (कोणता धन, कोणता ऋण) उलटली की इंजिन उलट धावते. वाटेतला जवळजवळ प्रत्येक जोड घसरणारा किंवा फिरणारा आहे, घट्ट पिळलेला नाही. म्हणून इंजिन आणि रूळ ही दोन वेगळी यंत्रे न मानता एकच सर्किट मानावे. नादुरुस्त इंजिन आधी उघडून बसणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. एकच इंजिन सगळीकडे अडखळत असेल तर दोष इंजिनात असतो. सगळी इंजिने एकाच जागी अडखळत असतील तर दोष रुळात. ही साधी चाचणी पाच मिनिटांत होते आणि पुष्कळ स्क्रू वाचवते.

रुळांची सफाई : आजचे बहुतेक रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. जुने रूळ पितळेचे किंवा पोलादाचे असत. पितळ लवकर काळवंडते, पोलाद गंजते. रुळाच्या माथ्यावर साचणारा काळा थर म्हणजे नुसती धूळ नव्हे. चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या पडतात, त्यात धातूचे कण, तेल आणि हवेतली धूळ भाजून चिकटते.

हा थर काढायला सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हा रुळलेला उपाय आहे. अल्कोहोलने पुसलेला रूळ लवकर पुन्हा काळा होतो, त्याऐवजी व्हाइट स्पिरिटसारखा तेलकट कुळातला द्राव वापरावा, असे मानणाराही मोठा वर्ग आहे. दोन्हीपैकी काहीही वापरले तरी वीज बंद ठेवावी आणि द्राव पूर्ण उडाल्याशिवाय गाडी चालवू नये, कारण हे द्राव पेट घेतात आणि ठिणगी तिथे हजरच असते. सँडपेपर मात्र वापरूच नये. त्याचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढची घाण त्यांतच घर करते. घासणारा रबरी ठोकळा फार माखलेल्या रुळापुरता ठीक. नंतर माथा एखाद्या गुळगुळीत पोलादी पट्टीने घोटून घ्यावा. स्वच्छ रुळावर ग्रॅफाइटचा अगदी पुसट हात फिरवल्याने वीज चांगली वाहते. तो जाड झाला तर चढावर चाके घसरतात.

जोड आणि बैठक : रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या चिमट्यांना फिशप्लेट म्हणतात. त्या रूळ सरळ रेषेत धरतात, पण वीज नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. काही काळाने त्या सैल होतात, आत रंग आणि गोंद शिरतो, आणि टोकाकडची गाडी मंदावू लागते. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार जोडणे हा कायमचा इलाज. डाख देताना मोठ्या टोकाची, चांगली तापलेली डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) क्षणभरच टेकवावी. लहान, कोमट इस्त्री रुळावर जास्त वेळ धरावी लागते आणि तेवढ्यात प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता पुढे सरकत नाही.

सगळेच जोड डाखून टाकण्याचा मोह टाळावा. दहा मीटर रूळ २० अंश तापला तर सुमारे तीन मिमी लांबतो, आणि खालची लाकडी फळी हवेतल्या दमटपणाने त्याहूनही जास्त हलू शकते. मोकळी फट नसेल तर रूळ कुठेतरी कुबड काढतो. वाकडेपणा शोधायला डोळा रुळाच्या पातळीवर आणून लांबवर पाहावे आणि जोडांवरून बोट फिरवावे. नखाला जी पायरी लागते, तीच चाकाच्या कडेलाही लागते.

सांधे : सर्वांत जास्त तक्रारी सांध्यांवरच येतात, कारण इथे यांत्रिक आणि विजेचे दोष एकत्र नांदतात. गाडीची दिशा बदलणाऱ्या सरकत्या रुळाला, म्हणजे जिभेला, अनेकदा बाजूच्या रुळाला टेकूनच वीज मिळते. त्या टेकण्याच्या जागी गोंदाचा एक थेंब किंवा खडीचा एक खडा गेला, तर जीभ निर्जीव होते आणि फटीत चाकाची कड शिरून गाडीही घसरते. कागदाची पट्टी द्रावात भिजवून जीभ व रूळ यांच्यामध्ये ओढली की जागा साफ होते. ज्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा काही सांध्यांत प्लास्टिकचा असतो आणि काहींत धातूचा. प्लास्टिकवर लहान इंजिने थबकतात. धातूच्या तुकड्याची ध्रुवता सांधा बदलताना स्विचने बदलावी लागते, नाहीतर शॉर्ट होतो.

गाडी सांध्यावर नेहमी घसरत असेल, तर सांध्याला दोष देण्याआधी चाके मोजावीत. एकाच आसावरील दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर एचओ आणि ओओत साधारण १४.३ ते १४.५ मिमी असायला हवे. ते कमी झाले की चाक आतल्या रोध रुळावर (सांध्यात चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या जादा रुळावर) चढते. अमेरिकेतील एनएमआरए ही १९३५ सालची संस्था आणि युरोपातील एनईएम मानके यांनी ही मापे ठरवून दिली आहेत, आणि ती तपासायला पत्र्याचे तयार गेज मिळते.

इंजिन : पहिले काम चाकांचे. द्रावात भिजवलेला कागद रुळांवर अंथरून इंजिनाची निम्मी चाके त्यावर, निम्मी उघड्या रुळावर ठेवावीत आणि इंजिन हाताने धरून वीज द्यावी. कागदावरची चाके जागीच फिरतात आणि स्वतःला पुसून घेतात. मग इंजिन फिरवून उरलेली चाके. पकड वाढवणारी रबरी धाव असलेले चाक त्या धावेतून वीज घेत नाही. ही धाव कडक किंवा सैल झाली की बदलावी. वीज उचलणाऱ्या पत्त्या चाकाला हलक्या टेकलेल्या असाव्यात: सुटल्या तर वीज तुटते, दाबल्या तर ब्रेक लागतो.

वंगणाच्या बाबतीत कमी म्हणजेच पुरेसे. प्लास्टिकला न खाणारे हलके तेल सुईच्या टोकावर घेऊन आसाच्या प्रत्येक टेकूला एकेक थेंब द्यावे, आणि गिअरला किंचित ग्रीस. गंज सोडवणारे फवारे इथे वापरू नयेत. ते वंगण म्हणून टिकत नाहीत आणि उडून नको तिथे बसतात. तेल कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश जिथे टेकतात त्या मोटरच्या फिरत्या पट्ट्यांवर, गेले तर कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते, दोन पट्ट्यांमधली खाच भरते आणि मोटर तापू लागते. अशी खाच टूथपिकने हळुवार कोरावी, पट्ट्या अल्कोहोलने पुसाव्यात. अल्निको (एक चुंबकीय मिश्रधातू) चुंबकाच्या जुन्या मोटरी खोलताना चुंबकाला लोखंडाचा तुकडा लावून ठेवावा. रोटर (मोटरचा फिरता भाग) नुसता बाहेर काढला तरी चुंबक दुबळा होतो, आणि मग मोटर जास्त वीज खाऊन कमी ओढते.

इंजिन अडखळते पण विजेत दोष नाही, अशा वेळी मोटर वेगळी करून सांगाडा उताराच्या काचेवर ठेवावा. तो आपल्या भाराने सरकला नाही तर अडथळा यंत्रणेत आहे. वाफेच्या इंजिनात चाके जोडणाऱ्या दांड्यांची डावी व उजवी जुळणी एकमेकींशी ९० अंशांचा कोन ठेवते. एखादे चाक आसावर थोडे जरी फिरले तरी कोन बिघडतो आणि दांडे दर फेरीला एकदा अडतात. डिझेल इंजिनातली लयबद्ध टकटक बहुधा फुटलेल्या नायलॉन गिअरची असते. धातूच्या आसावर घट्ट बसवलेला गिअर वर्षांनंतर एका दाताच्या मुळाशी चिरतो. नायलॉनवर गोंद टिकत नाही, गिअर बदलावाच लागतो. आसांना गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे मात्र चिमट्याने निघतात, आणि कित्येक ‘बिघडलेली’ इंजिने तेवढ्यावर धावू लागतात.

डिजिटल पद्धत : १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर सतत पूर्ण दाब असतो आणि इंजिनातला डिकोडर आज्ञा ओळखतो. नवा डिकोडर बहुधा ३ या पत्त्यावर उत्तर देतो. तो मुका वाटला तर आधी हे पाहावे. बसवताना मोटरचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून पूर्ण विलग हवेत, नाहीतर पहिल्याच क्षणी डिकोडर जळतो. शॉर्टचा धोका इथे खरा मोठा आहे: १५ व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे ७५ वॉट, एवढी उष्णता प्लास्टिकची बोगी वितळवते. म्हणून मार्गाच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर नाणे ठेवून पाहतात. वीज तत्क्षणी बंद झाली नाही, तर त्या भागाला जाडी वाढवलेल्या आणखी तारा लागतात.

साठवण आणि असाध्य दोष : बरीच वर्षे पडून राहिलेल्या इंजिनातले तेल चिकट राळेसारखे होते. त्याला थेट वीज देऊ नये. जुने तेल काढून, नवे घालून, चाके हाताने फिरवून मग दोन्ही दिशांना मंद गतीने अर्धा-अर्धा तास चालवावे. खोक्यातला जुना फोम विघटित होऊन रंगाला चिकटतो, म्हणून इंजिन आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावे. एक दोष मात्र बरा होत नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिसे मिसळले असेल तर धातू कणांच्या सीमांवरून आतून कुजतो, फुगतो, भेगाळतो आणि शेवटी हातात चुरा होतो. दमट उष्ण हवेत हे वेगाने होते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इंजिनांत तो विशेष आढळतो. वाकू लागलेला सांगाडा सरळ करायला जाऊ नये, तो मोडतो. वरचे कवच, मोटर आणि चाके वेळीच काढून घ्यावीत आणि ती दुसऱ्या सांगाड्यावर बसवावीत.