खोली भरली असली तरी फोन करा

तारकर्लीतल्या आमच्या घरात पाहुण्यांसाठी चारच खोल्या आहेत. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत त्या केव्हाच भरतात. मग आम्ही तुम्हाला शेजारच्या वाडीतला नंबर देतो. यात आमचं कमिशन असणार, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. त्यांच्याकडे गर्दी झाली की ते आमच्याकडे पाठवतात, एवढाच हिशेब.

इथले काही निवास-न्याहारीवाले, होडीवाले आणि कुडाळ स्टेशनवरचे रिक्षावाले आम्ही एकमेकांना धरून आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळचा पहिला निरोप होडीवाल्याचा: ‘वारो सुटलो हा, दहापर्यंत होडी सोडूची नाय.’ तो नाही म्हणाला की आम्ही वाद घालत नाही, तुम्हीही घालू नका. घावणे सावकाश खा. सिंधुदुर्ग किल्ला 1664 साली बांधायला घेतला. तो दुपारीही तिथेच असतो.

हा ग्रुप झाला तो आमच्याच चुकीमुळे. गाडी उशिरा आली, ठरवलेला रिक्षावाला कंटाळून निघून गेला आणि मुलांना घेऊन आलेलं एक कुटुंब मध्यरात्री स्टेशनवर बसून राहिलं. आता गाडी कुठवर आली हे रिक्षावालाच ग्रुपवर टाकतो. पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुळातच हळू धावतात, तेव्हा तर हे लागतंच.

मासळीचंही तसंच. संध्याकाळी मालवणात लिलावाला आमच्यातलं कोणीतरी एक जण जातं आणि काय आलंय, काय भाव फुटला ते कळवतं. सुरमई महाग असली तर तीन घरं मिळून एक घेतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात सुरमई दिसली तर ती बहुधा बर्फातली असते, आणि तसं आम्ही आधीच सांगतो. भाव, वारा, गाड्या सगळं एकमेकांना सांगतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती, ते मात्र ज्याचं त्याच्याकडे.

तुमचा फोन नंबर ग्रुपवर टाकत नाही. ज्याची गाडी ठरली त्यालाच देतो. स्कूबाला जायचं असेल तर दमा, रक्तदाब, कानाचं दुखणं आधी सांगा, लाजू नका.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीचं नाव आणि डबा कळवा. रात्री अकरानंतर पोचणार असाल तर जेवण झाकून ठेवू. मासे की शाकाहारी, तेवढं सांगा.