डिझेल की गॅस : नाशिकच्या कारखान्यांतील जनरेटरची पार्श्वभूमी

विहिरीवरच्या ऑइल इंजिनांमुळे जिल्ह्याला डिझेल जुन्या ओळखीचे. पण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जनरेटर ही गरज बनली ती भारनियमनाच्या वर्षांत. पाइपचा गॅस नव्हता आणि डिझेलचा दर सरकारच्या मुठीत होता, त्यामुळे इंधन कोणते, हा प्रश्न फारसा पडलाच नाही. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांची सवलत गेली, ऑक्टोबर २०१४ मध्ये दर पूर्ण खुले झाले. डिझेलच्या लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज, हे गणित तेव्हापासून टोचू लागले.

तरी डिझेल टिकले ते साठवता येते म्हणून. एका जागी २,५०० लिटरपर्यंत, आणि एकेक टाकी १,००० लिटरच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. १२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर सेट पूर्ण लोडवर अशा एका टाकीवर दिवसभर आरामात निघतो. ऐन हंगामात द्राक्षांनी भरलेल्या पिंपळगावच्या शीतगृहाला हेच हवे असते.

खरा वाद २०२३ चा. १ जुलैपासून नव्या सेटना कडक उत्सर्जन निकष लागू झाले. ५६ ते ५६० किलोवॅटच्या सेटना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युनिटमागे ०.४० ग्रॅम. त्यासाठी इंजिनाला सेन्सर आले आणि बहुतेक सेटना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी. त्याआधी बनलेला माल विकायला मात्र ३० जून २०२४ पर्यंत मुभा मिळाली. हवा सुधारायची आणि वर्षभर जुनाच माल खपवायचा, हा निर्णय कोणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको. ज्यांनी त्या वर्षात घाईने जुना सेट घेतला त्यांना निदान दुरुस्तीला ओळखीचा मेकॅनिक तरी मिळतो.

नाशिकला गॅस वितरणाची मंजुरी २०१८ मधली. अनेक गाळ्यांना जोडणी अजून दूरच. दिल्ली परिसरात जुन्या सेटवर ७० टक्के गॅस, ३० टक्के डिझेल अशा मिश्रणावर चालवणारी किट बसवायला लावली. हवा सुधारण्याच्या २०१९ च्या राष्ट्रीय यादीत नाशिकही असल्याने तो नियम उद्या इथेही येईल, असे सांगून विक्रेते किट गळ्यात मारतात. नव्या निकषांनी जुना सेट बाद होत नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. शिवाय किट बसवलेला सेट डिझेलवरच सुरू होतो आणि कमी लोडवर गॅसचा वाटाही घटतो. त्यामुळे किट बसवली तरी डिझेलची टाकी ठेवावीच लागते.