भूपट्टसीमा वेगळी, प्रस्तरभंग वेगळा

‘दोन भूपट्ट आदळले की भूकंप होतो.’ कुठेही मोठा धक्का बसला की हे वाक्य फिरू लागतं. मग भूपट्टाच्या मधोमध जमीन हादरली की तेच लोक चक्रावतात: इथे सीमाच नाही, मग भूकंप कसा?

भूपट्ट शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहेत. कठीण कवचाचे तुकडे, वर्षाला काही सेंटिमीटर सरकणारे. ते जिथे भेटतात ती सीमा. प्रस्तरभंग, म्हणजे बोलण्यातला फॉल्ट, ही खडकातली अशी भेग, की जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकल्या आहेत. नुसती तडकली, सरकली नाही, तर ती प्रस्तरभंग नव्हे.

खरी गफलत ‘आदळले’ या शब्दात आहे. मला तो अजिबात पटत नाही. भूपट्ट टक्कर द्यायला धावत येत नाहीत, ते रेटत राहतात. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू घर्षणामुळे अडकून बसतात, रेटा मात्र थांबत नाही, म्हणून आजूबाजूचा खडक वर्षानुवर्षं वाकत जातो. ताण घर्षणाला भारी पडला की बाजू सटकतात आणि वाकलेला खडक झटक्यात सरळ होतो. तो झटका म्हणजे भूकंप. 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या बाजू काही ठिकाणी सुमारे 6 मीटर सरकल्या. तिथल्या जमिनीच्या मोजण्यांवरूनच भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी हा उलगडा केला.

हा रेटा सीमेपाशी अडून राहत नाही. भूपट्ट कठीण असल्यामुळे तो आतवर पोचतो आणि तिथला एखादा जुना, कमजोर प्रस्तरभंग सटकतो. भूपट्टसीमा आहे त्या हिमालयापासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या किल्लारीला 1993 मध्ये 6.2 चा भूकंप झाला तो असा. उलट, 2004 मध्ये सुमात्राजवळ सटकलं ते भूपट्टांच्या सीमेवरचंच एक अजस्र प्रतल होतं. अशा ठिकाणी सीमा आणि प्रस्तरभंग एकच असतात, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

‘फॉल्ट लाइन’ हा शब्दही मी टाळतो. प्रस्तरभंग रेघ नसून खोलवर उतरणारं प्रतल असतं. ते जमिनीला छेदतं तिथे रेघ दिसते, आणि काही तर वर पोचतच नाहीत. 1994 मध्ये लॉस एंजेलिसजवळचं नॉर्थरिज हादरवणारा प्रस्तरभंग असाच दडलेला होता. भूकंप होईपर्यंत तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता.