इंग्लंडमध्ये पोलिसांच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तर: दावा कोणाला करता येतो, कागदपत्रं कोणती, मुदत किती

कागद गोळा करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा. इजा पोलिसांच्या हातून झाली, की दुसऱ्याने केली आणि पोलिसांनी ती थांबवली नाही? इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा वेगळा) दावा बहुतेक वेळा इथेच तरतो किंवा बुडतो.

हडर्सफील्डचं प्रकरण बघा. जुलै २००८ मध्ये ७६ वर्षांच्या रॉबिन्सनबाई फुटपाथवरून चालल्या होत्या. त्यांच्या अगदी शेजारी पोलिसांनी अमली पदार्थ विकणाऱ्या संशयिताला धरलं, झटापट झाली आणि सगळे बाईंच्या अंगावर कोसळले. खालच्या कोर्टांत त्या हरल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. पोलिसांना सरसकट अभय नाही. आपल्या कृतीने वाटसरूला इजा होईल हे दिसत असेल, तर काळजी घेणं त्यांनाही चुकत नाही.

आता उलट बाजू. कार्डिफमध्ये २००९ साली एका बाईने पूर्वीच्या जोडीदाराच्या भीतीने ९९९ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन केला. तो शेजारच्या ग्वेंट पोलिसांकडे लागला, साउथ वेल्स पोलिसांना कळवताना त्यातलं गांभीर्य कमी झालं, आणि पोलीस पोचेपर्यंत तिचा खून झाला होता. निष्काळजीपणाचा दावा २०१५ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. वाचताना राग येतो, पण कायदा आजही तोच आहे. रस्त्यावरच्या बर्फाबद्दल लावलेली पाटी पोलिसांनी काढून नेली आणि पुढे अपघात झाला, त्या प्रकरणातही २०२४ मध्ये हाच सूर लागला.

दुसऱ्या प्रकारात (इजा दुसऱ्याने केली, पोलिसांनी थांबवली नाही) मोडत असाल तर पुढच्यापैकी काहीतरी दाखवावं लागतं: धोका पोलिसांनीच निर्माण केला किंवा वाढवला, मदतीला येणाऱ्याला अडवलं, माणूस त्यांच्या कोठडीत होता, किंवा ‘तुम्ही थांबा, आम्ही बघतो’ असं सांगून त्यांनी जबाबदारी अंगावर घेतली आणि तुम्ही त्यावर विसंबलात. शेवटच्या मुद्द्यासाठी नेमके शब्द लागतात. ‘गाडी पाठवतो’ एवढं सहसा पुरत नाही.

दाव्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मुलाकडे लंडनला चार महिने राहायला आलेल्या आईला पोलिसांच्या गाडीने धडक दिली, तर व्हिजिटर व्हिसावरची ती आईसुद्धा दावा करू शकते. ‘पोलिसांवर केस’ म्हटलं की आपली माणसं दोन पावलं मागे सरतात, पण हा दिवाणी दावा आहे. तो त्या हवालदारावर न लावता १९९६ च्या पोलीस कायद्यानुसार चीफ कॉन्स्टेबलवर लावतात. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या बाबतीत कमिशनरवर.

कागदपत्रांत सगळ्यात घाईचं काम व्हिडिओचं. अधिकाऱ्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुरावा म्हणून बाजूला ठेवलेलं नसेल, तर साधारण ३१ दिवसांत पुसलं जातं. म्हणून त्याच आठवड्यात पोलिसांना दोन ईमेल करा. एक, चित्रीकरण जपून ठेवा म्हणून; दुसरी, माझी माहिती मला द्या म्हणून, म्हणजेच ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’. ती फुकट असते आणि उत्तराची मुदत सहसा एक महिना. त्यात तारीख, वेळ, रस्त्याचं नाव, तुमचे कपडे आणि दिसला असेल तर अधिकाऱ्याच्या खांद्यावरचा नंबर लिहा. ९९९ ला फोन केला असेल तर त्याचं रेकॉर्डिंगही इथेच मागा. बाकी जीपी (तुमचे नेहमीचे डॉक्टर) आणि हॉस्पिटलचे कागद, जखमांचे फोटो, साक्षीदारांचे पत्ते, पगाराच्या स्लिपा, टॅक्सी-औषधांच्या पावत्या.

शारीरिक इजेला मुदत तीन वर्षं. १८ पूर्ण नसतील तर २१ व्या वाढदिवसापर्यंत. फक्त मालमत्तेचं नुकसान असेल तर सहा वर्षं. मानवी हक्क कायद्याखालचा दावा मात्र एकाच वर्षात करायचा. वर्ष उलटलं तर कोर्ट सवलत देऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका.

२५,००० पौंडांपर्यंतचे बरेच दावे सॉलिसिटर (वकील) ऑनलाइन पोर्टलवरून टाकतात. त्याहून मोठ्या दाव्यात आधी मागणीपत्र जातं. त्याची पोच २१ दिवसांत यावी लागते आणि चौकशीला पुढे तीन महिने मिळतात. पत्रात ‘पोलिसांनी मला वाचवलं नाही’ असं लिहू नका. ‘अधिकाऱ्यांनी मी हातभर अंतरावर असताना संशयिताला खेचलं आणि मी खाली पडले’ असं लिहा, अर्थात तसं घडलं असेल तरच. नकार आला तर एन-१, म्हणजे कोर्टात दावा दाखल करायचा फॉर्म. इजेचा ५०,००० पौंडांखालचा दावा कौंटी कोर्टातच सुरू होतो. १०,००० ते २,००,००० पौंडांच्या मागणीला फी ५ टक्के, आणि दाखल झालेला फॉर्म चार महिन्यांत प्रतिवादीपर्यंत पोचवायचा.

निव्वळ इजेच्या दाव्यात हरलात तरी पोलिसांचा खर्च सहसा तुमच्या डोक्यावर येत नाही. त्यात बेकायदा अटकेसारखे इतर दावे मिसळले की ते संरक्षण आपोआप राहत नाही. सॉलिसिटरला हे पहिल्याच भेटीत विचारा.

पोलिसांविरुद्धची तक्रार हा वेगळा रस्ता आहे आणि ती चालू असताना वरची मुदत थांबत नाही. दावा बसतच नसेल, पण इजा हिंसक गुन्ह्यातली असेल, तर गुन्हेगारी इजा भरपाई प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. गुन्हा पोलिसांत नोंदवलेला हवा आणि अर्ज सहसा घटनेपासून दोन वर्षांच्या आत.